दुसऱ्यांदा विचारलं नाही

"ठीक आहे," समीक्षाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या वर्गाचं नाव घेतलं.

दीपमालाबाईंच्या हातात पोह्यांची बशी होती. चमचा उचललेला होता तसाच राहिला. नेहमीसारखंच तर बोलल्या होत्या त्या. यंदा पहिली मला नको, गुडघे साथ देत नाहीत, दुसऱ्या कुणाला तरी द्या. दर जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीच्या या बैठकीत त्या हेच बोलत आल्या होत्या. मग आधीच्या मुख्याध्यापिका पेन खाली ठेवायच्या. असं कसं बाई, म्हणायच्या. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, पहिली म्हणजे दीपमालाबाई, हे सगळ्या सांगलीला ठाऊक आहे. त्या पुन्हा नाही म्हणायच्या, पण आवाज जरा खाली आलेला असायचा. तिसऱ्यांदा सगळ्या मिळून म्हणायच्या, तेव्हा त्या पदर सारखा करत म्हणायच्या, एवढं म्हणताय तर बघते बाई. तोवर चहा आलेला असायचा. या सगळ्याला कुणी खोटं म्हटलं नसतं. लग्नात वरमाईला पाटावर बसवायच्या आधी जसं चार वेळा बसा म्हणावं लागतं, तसं ते होतं. आता नव्या मुख्याध्यापिका समीक्षाबाई सांगत होत्या की पहिली नवी शिक्षिका पल्लवी घेईल, आणि दीपमालाबाईंना चौथी, कारण चौथीचा वर्ग खालच्या मजल्यावर आहे, जिने चढायला नकोत. गुडघ्यांचा विचार केला होता त्यांनी. शेजारच्या बाईंनी एकदा वळून बघितलं आणि मग त्या पोह्यातली मिरची बाजूला काढायला लागल्या. दीपमालाबाई थांबून राहिल्या. कुणीतरी म्हणेल. बैठक खिचडीच्या तांदळावर गेली, मग गळणाऱ्या छतावर गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. पुढच्या जूनमध्ये या खुर्चीवर दुसरं कुणी असणार होतं आणि पहिली कुणाला हे त्यांना कुणी विचारणार नव्हतं. हे सगळं त्यांना कळत होतं. फक्त वाटत काही नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग ओठ आपला असून आपला राहत नाही, हात लावला तर कुणा दुसऱ्याच्या तोंडाला लावल्यासारखं वाटतं, तसं काहीसं छातीत झालं होतं. त्यांनी पोहे संपवले. चव लागली नाही. बशी धुऊन जागेवर ठेवली.

बैठक संपल्यावर त्या सवयीने जिना चढून पहिलीच्या वर्गात गेल्या. गुडघे दुखले नाहीत, किंवा दुखले असतील. वर्गात चुन्याचा वास होता. छोटे बाक भिंतीला टेकवून ठेवले होते आणि खिडकीखाली तिवईवर माठ पालथा घातलेला होता. हा माठ त्यांनी स्वतः आणला होता. पहिलीत आलेल्या पोरांना आधी अक्षर शिकवायचं नाही, आधी मागायला शिकवायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं. घरी मूल नुसतं माठाकडं बघतं आणि आई पाणी देते. मूल पाय आवळून उभं राहतं आणि आजी त्याला मोरीकडं नेते. शाळेत आई नसते, आजी नसते, म्हणून पहिल्या आठवड्यात किती चड्ड्या ओल्या होतात, ते पहिलीच्या बाईलाच माहीत. म्हणून त्या माठाशेजारी बसायच्या. जो येईल त्याने म्हणायचं, बाई, मला पाणी पाहिजे. बोट दाखवलेलं चालायचं नाही, मान हलवलेली चालायची नाही. काही पोरं लगेच बोलायची. काही नुसती उभी राहायची, ओठ सुकलेले, डोळे माठावर. त्यांना त्या ओरडायच्या नाहीत की घाई करायच्या नाहीत. मला नाही ओळखता येत रे बाळा, म्हणायच्या, तू सांगितलंस तर मला कळेल. आणि थांबायच्या. कधी मधली सुट्टी व्हायची तरी थांबायच्या. कधीतरी मग त्या ओठांतून शब्द यायचाच, अगदी बारीक, आणि पहिल्यांदा मागून मिळालेलं ते पाणी पोर असं प्यायचं की बघत राहावं. त्यांनी माठावरून हात फिरवला. गार लागायला हवा होता. मातीचा खरखरीतपणा तेवढा तळव्याला कळला, तोही लांबून.

घरी जाताना त्या विश्रामबागच्या शेअर रिक्षात मधे बसल्या. दोन्ही बाजूंना दोन बाया, त्यांच्या पिशव्या, एकीच्या पिशवीतून हळदीचा वास. मार्केट यार्डाच्या बाजूने वारं आलं की आख्ख्या सांगलीला हा वास येतो, तरी पिशवीतला वास निराळा असतो, घरचा. तो वास आला आणि त्यांना शिराळ्याचं घर आठवलं, आई आठवली. आई म्हणजे शालूबाई. फार बोलायची नाही, डोळ्यांनी बोलायची. दीपमाला सहा-सात वर्षांची असेल, दोघी मावशीकडं गेल्या होत्या, मावशीने ताटलीत करंज्या आणल्या आणि विचारलं, खाणार का गं? ती हो म्हणाली. लगेच हातसुद्धा पुढं केला. आईने फ्रॉकच्या खालून मांडीला चिमटा काढला, असा की आठवडाभर वण राहिला. वाटेत आई म्हणाली, पहिल्या हाकेला हो म्हणतात ती हावरी माणसं. पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा बी नको म्हणायचं. खरंच द्यायचं आसलं तर मानूस तिसऱ्यांदा इचारतंच. आणि न्हाई इचारलं तर समजायचं, त्याच्या मनात न्हवतंच. मुलीने ते पाठ केलं. पुढं कुठंही गेलं की नको, नको, आणि मग मान खाली घालून बरं. आणि खरोखर लोक तिसऱ्यांदा विचारायचे. शिराळ्यात, मलकापुरात, पाहुण्यारावळ्यांत कुणाच्याही घरी विचारायचे. कारण त्यांच्याही आयांनी त्यांना तेच शिकवलं होतं. यजमानाने तिसऱ्यांदा ताटात वाढलं नाही तर पाहुणा अर्धपोटी उठायचा आणि वर्षभर नाव ठेवायचा. सगळ्यांना नियम माहीत होता म्हणून खेळ चालत होता. रिक्षा पुष्पराज चौकात थांबली. डावीकडच्या बाईने विचारलं, तुम्हाला उतरायचंय का? दीपमालाबाईंना तिथंच उतरायचं होतं. त्या म्हणाल्या, नको, नको, असू दे, तुम्ही बसा. आणि पुढच्या थांब्यावर उतरून उलट चालत आल्या.

चालताना त्यांच्या मनात कराडचा एसटी स्टँड आला. का आला ते त्यांना कळलं नाही, किंवा कळलं आणि त्यांनी न कळल्यासारखं केलं. लग्नाला आठ दिवस झालेले. नवऱ्याच्या, नाथाजींच्या गावी, कराडजवळ, देवदर्शन उरकून दोघं सांगलीला निघालेले, कारण तिची शाळा सुरू होणार होती आणि त्याची सुट्टी संपत आलेली. तो फौजेत शिपाई होता तेव्हा, बारीक कापलेले केस, ताठ मान. स्टँडवर गाडी थांबली. त्याने खाली उतरायच्या आधी विचारलं, वडा खाणार? सकाळपासून पोटात काही नव्हतं. सासूने वाढलं तेव्हा नवी सून म्हणून तिने दोन घासांत आवरतं घेतलं होतं. ती म्हणाली, नको. तो खाली गेला. ती खिडकीतून बघत होती. तो परत येईल आणि म्हणेल, अगं खा की, असं तिला वाटत होतं. तो कागदात एक वडा घेऊन आला, तिच्या शेजारी बसून शांतपणे खाल्ला, मिरची तोडून तोडून, आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. गाडी सुटली. सांगली येईपर्यंत तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं आणि डोळ्यांना. तिने ठरवलं, याच्या मनात नाही. आईने सांगितलं होतं तसंच. हे तिने त्याला कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं झाली, मुलगा शिकून पुण्याला गेला, नाथाजी सुभेदार होऊन घरी आले, आणि ती अजून त्या खिडकीत बसलेली होती, हे तिला आत्ता फुटपाथवरून चालताना दिसलं. दिसलं एवढंच. वाईट वाटलं नाही. लांबच्या कुणाच्या तरी घरातली गोष्ट ऐकावी तसं.

नाथाजी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. ऊन उतरलेलं, समोरच्या इमारतीची सावली कठड्यापर्यंत आलेली. ते म्हणाले, "काय मास्तरीणबाई, ठरलं का कोन कोनाच्या डोक्यावर बसनार ते?" दरवर्षीचीच थट्टा. दीपमालाबाईंनी चप्पल काढली, पिशवी खुंटीला लावली. नाथाजींनी विचारलं, चहा टाकू का? तोंडातून निघालं, नको. आणि नाथाजी बरं म्हणून पुन्हा झारीकडं वळले. तोच तो वळण्याचा प्रकार. दुपारी समीक्षाबाई पुढच्या वर्गाकडं वळल्या होत्या तसा. त्यात राग नव्हता, टाळणं नव्हतं. एक माणूस बोलला, दुसऱ्याने ऐकलं, संपलं. दीपमालाबाई मधल्या दारात उभ्या राहिल्या. नवऱ्याची पाठ त्यांना दिसत होती, बनियनच्या पट्ट्याखाली उन्हाने रापलेली मान, आणि त्यांना अचानक एवढं एकच वाटलं की हा माणूस माझं बोलणं ऐकत आला आहे. एवढी वर्षं. मी जे बोलले ते.

"आवं," त्या म्हणाल्या. "चहा पाहिजे मला. साखर जास्त घाला."

नाथाजींनी वळून बघितलं, झारी खाली ठेवली आणि आत जाऊन गॅस लावला. कुठलाही प्रश्न नाही. आलं किसल्याचा आवाज आला. त्या स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसल्या आणि दुपारचं सगळं सांगितलं. पहिली गेली. शेवटचं वर्ष होतं. कुणी विचारलंच नाही पुन्हा. नाथाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, पाहिजे हुती तर नको का म्हनलीस? त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, असं लगेच हो म्हणतात का. नाथाजी चहा गाळता गाळता थांबले. काहीतरी त्यांच्या तोंडावरून सरकून गेलं, पडद्यामागून कुणी चालत जावं तसं. मग त्यांनी विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

"मग पठाणकोटला यायचं हुतं का तुला?"

दीपमालाबाईंनी कप हातात घेतला. पठाणकोटला नाथाजींना फॅमिली क्वार्टर मिळाला होता. मुलगा तेव्हा लहान होता. सुट्टीवर आले होते, निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, येतीस का तिकडं? दोन-तीन वर्षांचा सवाल हाय. ती म्हणाली होती, नको, इथली शाळा, सासूबाईंचं दुखणं, कसं जमायचं. शाळेने रजा दिली असती. सासूबाईंजवळ नणंद होती. तिने आदल्या रात्री ट्रंक पुसून ठेवली होती. तो बरं म्हणाला आणि एकटा गेला. त्यानंतर बाया नवऱ्याचा विषय काढायच्या तेव्हा ती म्हणायची, आमच्या ह्यांनी मला कधी तिकडं नेलं नाही. इतक्या वेळा म्हटलं की तेच खरं झालं होतं. लग्नकार्यात म्हटलं, शाळेत म्हटलं, मुलाला म्हटलं. त्याच्यासमोरही म्हटलं होतं एकदा, आणि तो उठून बाहेर गेला होता. ती समजली होती, लाज वाटली असेल.

"यायचं होतं," त्या म्हणाल्या.

नाथाजी ओट्याला टेकून उभे राहिले. कपात बघत म्हणाले, "मी पडदे बी शिवून घेतले हुते. निळे. बारीक फुलांचे. रेजिमेंटच्या टेलरकडनं." मग म्हणाले, क्वार्टर परत केला तवा यूपीच्या एकाला दिले, त्याची बायको यायची हुती. दीपमालाबाईंनी विचारलं, दुसऱ्यांदा का नाही विचारलंत? त्यांनी कप ओट्यावर ठेवला. चहावर साय धरली. "परत इचारलं आसतं तर बळजबरी झाली आसती. तू शिकल्याली, नोकरीवाली. म्हनलं, तिचं तिला कळतंय. मानसानं सरळ सांगितल्यावर पुन्हा पुन्हा इचारायचं, म्हंजे तिच्या बोलन्याला किंमत न्हाई असं झालं." आणि कप विसळून टाकला.

दीपमालाबाई निळे पडदे डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होत्या. खिडकी येत होती, पडदे येत नव्हते. रडू यावं असं त्यांना वाटलं, म्हणजे आता इथं रडायला हवं असं वाटलं. आलं नाही. चहा गोड आहे एवढं मात्र कळलं. जिभेच्या टोकाला, आणि मग मागेपर्यंत. रात्री जेवताना नाथाजींनी विचारलं, अजून एक भाकरी? त्या क्षणभर थांबल्या, पोटात बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाल्या, अर्धी द्या. दोघंही हसले नाहीत. हसण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या समीक्षाबाईंच्या खोलीत गेल्या. समीक्षाबाई त्यांच्याहून पुष्कळ लहान, जतकडच्या, धनगराच्या घरातल्या. उन्हाळ्यातच संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून इकडं आलेल्या. त्यांना या शाळेतल्या रीती माहीत नव्हत्या आणि माहीत करून घेण्याची घाईही नव्हती. दीपमालाबाई बसल्या नाहीत. वाटेत रिक्षात त्यांनी वाक्य तयार केलं होतं, पोरांकडून करून घेतात तसं, लहान, एका दमात येणारं. तरी तोंड उघडल्यावर आधी गुडघे आले, मग पल्लवीला अनुभव नाही हे आलं, मग शाळेच्या हिताचं काहीतरी आलं. समीक्षाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं, आणि विचारलं, बाई, तुम्हाला काय पाहिजे?

"मला पहिली पाहिजे."

एवढंसं वाक्य. ते खोलीत पडलं तेव्हा दीपमालाबाईंना उघडं पडल्यासारखं झालं. मांडीवर जुन्या चिमट्याच्या जागी कातडी आकसली. समीक्षाबाई म्हणाल्या की काल हे म्हणाला असतात तर पहिली तुमचीच होती, मी पल्लवीला चौथीच देणार होते. आता पालकांना कळवून झालंय. पल्लवीला दिलेला वर्ग काढून घेतला तर तिच्यात काही कमी आहे असा अर्थ होईल. मग त्या जरा पुढं झुकल्या आणि त्यांच्या बोलण्यात घरची बोली आली. "आमच्यात एकदाच इचारतात, बाई. मेंढरं पुढं गेल्याली असत्यात. भाकरी पाहिजे का? व्हय म्हनलं तर मिळाली, न्हाई म्हनलं तर पुढच्या मुक्कामाला." त्या हसल्या, आणि मग पुन्हा सरळ बसल्या. "यंदा नाही जमणार. मला खरंच वाईट वाटतंय."

दीपमालाबाई जिना उतरल्या. 'नाही' असं ऐकलं होतं त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर काहीतरी मागितलं होतं आणि 'नाही' ऐकलं होतं, आणि जमीन होती तिथंच होती. याची भीती होती का इतकी वर्षं? त्यांना नीट आठवेना. खाली पटांगणात शिपाई नळाला पाइप लावत होता आणि धूळ बसवत होता.

शाळा उघडली. चौथीची पोरं मोठी, त्यांना सगळं बोलता येत होतं. बाई, हा मला ढकलतोय. बाई, मी पुढं बसू? दीपमालाबाई शिकवत होत्या, फळा पुसत होत्या, आणि वरून, डोक्यावरच्या छतातून, पहिलीच्या रडण्याचा आवाज येत होता. त्यातलं कुठलं रडणं आईसाठी, कुठलं भुकेचं आणि कुठलं चड्डीचं, ते त्यांना खाली बसून ओळखू येत होतं. मधल्या सुट्टीत पल्लवी खाली आली. साडीला खडू, केस सुटलेले. पोरीला धड झोपही मिळत नसावी. म्हणाली, बाई, तो माठ मी ठेवलाय, सगळ्यांकडं बाटल्या आहेत तरी ठेवलाय, पण तो कसा वापरायचा ते मला जमत नाही. पोरं नुसती उभी राहतात आणि मीच पाणी देऊन टाकते. मग विचारलं, "रोज सकाळी पहिला तास याल का तुम्ही? तुमच्या चौथीला मी तेवढा वेळ घेते. मोठ्या बाईंना विचारलंय मी, त्या चालेल म्हणाल्या. पण त्रास होणार असेल तर नको."

"नको गं," दीपमालाबाई म्हणाल्या. "तुझा वर्ग, तुझं तू बघ. मी कशाला मधे."

"बरं," पल्लवी म्हणाली, आणि वळली.

पल्लवीची पाठ व्हरांड्यातून जिन्याकडं जात होती. एक पायरी, दुसरी. आता ती थांबेल, मागं वळेल, म्हणेल, या की हो बाई. दीपमालाबाईंच्या अंगातलं एक फार जुनं काहीतरी मान खाली घालून, पदराचं टोक धरून वाट बघायला तयारही झालं होतं. पल्लवी वळली नाही. ती का वळेल? तिला सांगितलं होतं नको.

"पल्लवी, थांब."

तिने कठड्यावरून खाली बघितलं.

"मला यायचंय," दीपमालाबाई म्हणाल्या. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला, चौथीची दोन पोरं वळून बघायला लागली. "रोज. पहिला तास. मला पाहिजे तो."

पल्लवी गोंधळली. म्हणाली, मग आत्ता नको का म्हणालात? दीपमालाबाई जिना चढायला लागल्या. गुडघे दुखत होते. प्रत्येक पायरीला नीट दुखत होते.

वर्गात माठ भरलेला होता, बाहेरून ओला, खाली तिवईवर पाण्याची गोल खूण. दीपमालाबाई नेहमीच्या जागी, माठाशेजारी खाली बसल्या. सुट्टी असल्याने बाक रिकामे होते, फक्त एक मुलगी तिथं उभी होती, दोन वेण्या, लाल रिबिनी, डोळे माठावर. जीभ ओठांवरून फिरत होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं. तिने त्यांच्याकडं. त्या थांबल्या. आत किती शब्द गोळा होत असतील आणि ओठांपाशी येऊन परत जात असतील, ते त्यांना आता निराळ्या तऱ्हेने माहीत होतं. मला नाही ओळखता येत बाळा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला घसा कोरडा पडलाय. सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही.

"मला पाणी पाहिजे," त्या मुलीला म्हणाल्या.

मुलीने एकदा मागं बघितलं, हे दुसऱ्या कुणाला तर नाही ना म्हणून. मग तिने पेला उचलला, टाचा उंच करून माठात बुडवला, दोन्ही हातांनी धरून आणला. निम्मं पाणी वाटेत सांडलं, त्यांच्या साडीवर. उरलेलं त्या प्यायल्या. गार होतं. ओठाला लागलं, घशातून खाली उतरलं, छातीपर्यंत कुठून कुठं जातंय ते त्यांना कळत होतं.

मुलगी रिकाम्या पेल्याकडं बघत उभी होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आता मला."